सी३ मध्येच फिकट येतंय? नवी अँटिबॉडी मागवण्याआधी हे पाहा

किडनी बायोप्सीच्या डायरेक्ट इम्युनोफ्लुओरेसन्सचं काम (चमकणारी अँटिबॉडी लावून ऊतीत कुठलं प्रथिन साचलंय ते पाहणं) करताना आमच्या मागे एक दुखणं जवळजवळ वर्षभर लागलं होतं. सी३, म्हणजे रक्तातल्या 'कॉम्प्लिमेंट' या रोगप्रतिकारक प्रथिनांपैकी एक; त्याची स्लाइड काही दिवस लखलखीत हिरवी यायची, मग हळूहळू मलूल व्हायची. त्याच बायोप्सीत इम्युनोग्लोब्युलिनं बरी: आयजीजी ठीक, आयजीए ठीक, आयजीएम ठीक. सी३ मात्र असं, की डोळे फाडून पाहावं आणि तरी 'आहे' म्हणावं की 'नाही' हे कळू नये. नवी अँटिबॉडी आली की सगळं सुरळीत. महिना उलटला की पुन्हा तेच रडगाणं. शेवटी कारण सापडलं ते हसू येईल इतकं साधं होतं, पण तिथवर पोचायला आम्ही दोन नव्या बाटल्या फुकट घालवल्या. हाच प्रकार इतर ठिकाणीही चालू असल्याचं ऐकतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी आमची पद्धत सांगतो. गोठवलेल्या तुकड्याचे क्रायोस्टॅटवर (गोठवलेली ऊती कापायचं यंत्र) साधारण ३ मायक्रॉनचे काप काढायचे. प्रत्येक बायोप्सीला आठ स्लाइड: आयजीजी, आयजीए, आयजीएम, सी३, सी१क्यू (हेही कॉम्प्लिमेंटच), कप्पा, लॅम्बडा (इम्युनोग्लोब्युलिनच्या हलक्या साखळ्या), फायब्रिनोजेन. सगळ्या अँटिबॉडी एफआयटीसी (हिरवं चमकणारं फ्लुओरेसीन) लावलेल्या. पीबीएसनं (फॉस्फेटचं खारं बफर) धुवायचं, अर्धा तास अंधाऱ्या ओल्या डब्यात ठेवायचं, परत धुवायचं, ग्लिसरॉलमध्ये काचपट्टी बसवायची आणि मायक्रोस्कोपखाली न्यायचं. चमक मोजायची पट्टी नेहमीचीच: शून्य, ट्रेस, १+, २+, ३+.

दुखणं ज्या दिवशी खरं टोचलं तो प्रसंग असा. सातेक वर्षांच्या मुलाची बायोप्सी. त्वचेवर पुळ्या येऊन गेल्या होत्या, त्यानंतर चेहऱ्यावर सूज, लघवी तांबडी, आणि रक्तातलं सी३ चांगलंच खाली. साध्या मायक्रोस्कोपीत ग्लोमेरुलसमध्ये (किडनीतला रक्त गाळणारा केशिकांचा गुच्छ) पेशींची गर्दी, न्यूट्रोफिल. म्हणजे संसर्गानंतरचा नेफ्रायटिस (किडनीचा दाह), जो आपल्याकडे नवलाचा नाही. अशा केसमध्ये सी३ कसं दिसायला हवं हे सगळ्यांना ठाऊक आहे: काळ्या आकाशात चांदण्या पसराव्यात तसं, कणाकणांनी भरलेलं. आमच्या स्लाइडवर आयजीजी १+ आणि सी३ ट्रेस. रिपोर्टवर सही करणाऱ्या मॅडमनी स्लाइड पाहिली, रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि विचारलं, "रक्तातलं सी३ गेलं कुठे मग?" प्रश्न बरोबर होता. दुसऱ्या दिवशी त्याच ब्लॉकमधून नवा काप काढला, अँटिबॉडी ताजी पातळ करून लावली, आणि सी३ आलं ३+.

एका पायरीनं काय बिघडतं, असं वाटू शकतं. पण सी३ ग्लोमेरुलोपॅथीची (मुख्यतः सी३ साचून होणारा किडनीचा आजार) व्याख्याच पायऱ्यांवर उभी आहे. २०१३ मध्ये छापलेल्या तज्ज्ञांच्या सहमती-अहवालानुसार सी३ ची चमक इतर कुठल्याही घटकापेक्षा निदान दोन पायऱ्यांनी जास्त असली, तर त्या दिशेनं विचार करायचा. म्हणजे आयजीजी १+ असताना सी३ ३+ आलं तर एक रस्ता, सी३ २+ आलं तर दुसरा. बाटलीतल्या थेंबाच्या तब्येतीवर रोग्याच्या आजाराचं नाव बदलावं, हे काही बरं नाही.

आम्ही काय चुका केल्या

पहिला संशय अर्थातच अँटिबॉडीवर. 'लॉट खराब आला' हे वाक्य प्रत्येक लॅबमध्ये भिंतीवर लिहून ठेवल्यासारखं तयार असतं. पुरवठादाराला फोन केला, त्यानं बाटली बदलून दिली, चमक परत आली, आम्ही समाधानी. पाच आठवड्यांनी पुन्हा मलूल. दुसरी बाटली आम्ही स्वतः विकत घेतली. परत चमक आली. आता कोणाच्याही मनात शंका उरली नाही की दोष अँटिबॉडीचाच होता. औषध घेतलं आणि ताप उतरला म्हणजे औषध लागू पडलं, अशातला तो भाग.

तिसऱ्या वेळी आमच्याकडच्या जुन्या काकांनी रजिस्टर काढलं. त्यांची एक सवय होती: कुठलीही अँटिबॉडी पातळ केली की तारीख टाकायची. आम्ही त्याची थट्टा करायचो. त्या तारखांच्या शेजारी मी सी३ 'शंकास्पद' किंवा 'पुन्हा केलं' असे शेरे असलेल्या केस मांडल्या. एकही केस पातळ मिश्रण केल्यानंतरच्या पहिल्या दहा दिवसांत नव्हती. सगळ्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातल्या. नवी बाटली आणली की आम्ही साहजिकच नवं मिश्रण करत होतो. म्हणजे चमक नव्या बाटलीमुळे परत येत नव्हती, नव्या मिश्रणामुळे येत होती. जुन्या बाटलीतूनही ताजं मिश्रण केलं असतं तर तेच झालं असतं. नंतर करून पाहिलं, तेच झालं.

पण मग आयजीजी, आयजीए, आयजीएम का बिघडत नव्हते? त्यांचंही मिश्रण तसंच ठेवलेलं असायचं. उत्तर गणितात होतं. नवी बाटली आली की आम्ही तिचे १२५ मायक्रोलीटरचे वाटे करून ४ अंशांना ठेवायचो, आणि एका वेळी एक वाटा संपूर्ण पातळ करायचो. इम्युनोग्लोब्युलिनच्या अँटिबॉडी आमच्याकडे १:१५ ते १:२० वर चालतात, म्हणजे एका वाट्याचं दोन-अडीच मिलीलीटर मिश्रण. दिवसाला पाचेक बायोप्सी, प्रत्येकीला ५० मायक्रोलीटर. आठ-दहा कामाच्या दिवसांत संपलं. सी३ ची अँटिबॉडी जोरकस, ती १:४० वर चालते. त्याच १२५ मायक्रोलीटरचं ५ मिलीलीटर होतं आणि ते २० कामाचे दिवस पुरतं. म्हणजे जवळजवळ महिना. सी३ कमनशिबी नव्हतं, ते फक्त जास्त दिवस पडून राहत होतं. शिवाय जितकं पातळ तितकी त्यातली अँटिबॉडी मुळातच थोडी, आणि थोड्यातलं थोडं गेलं तरी ते दिसतं.

आता खरी अंगावर काटा आणणारी गोष्ट. सी१क्यूही आम्ही १:४० वरच वापरत होतो. तेही महिनाभर पडून राहत होतं. मग सी१क्यूबद्दल कोणी तक्रार का केली नाही? कारण बहुतेक बायोप्सीत सी१क्यू निगेटिव्हच असतं. आयजीए नेफ्रोपॅथीत ते सहसा नसतं, डायबेटिक किडनीत अपेक्षित नसतं, मिनिमल चेंजमध्ये तर प्रश्नच नाही. निगेटिव्ह हेच ज्याचं अपेक्षित उत्तर, त्याची अँटिबॉडी मेली तरी स्लाइड अगदी बरोबर दिसते. सी३ चं बिघडणं ओरडून सांगत होतं, सी१क्यूचं तोंड मिटलेलं होतं. ल्युपसच्या (शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार) केसमध्ये आयजीजी, आयजीए, आयजीएम, सी३, सी१क्यू असं सगळं घर भरलेलं दिसायला हवं. तिथे महिन्याच्या शेवटी आम्ही 'सी१क्यू १+' असं लिहिलेलं मागे जाऊन पाहिलं तेव्हा सापडलं. सुदैवानं त्या रुग्णांचं निदान इतर गोष्टींवर पक्कं होतं. पण त्या दिवसापासून माझ्या लेखी निगेटिव्ह स्लाइडची किंमत तिच्या शेजारी काय चमकतंय यावर ठरते.

मिश्रण मरतं कशानं

तीन गोष्टी एकाच वेळी घडत होत्या. पहिली, आम्ही नुसत्या पीबीएसमध्ये पातळ करत होतो. प्रथिनं प्लास्टिकच्या भिंतीला चिकटतात. बाटलीत प्रथिनांची दाटी असेल तर चिकटणारा हिस्सा नगण्य. पण १:४० च्या पातळ पाण्यात तोच हिस्सा जाणवण्याइतका मोठा होतो. पीबीएसमध्ये १ टक्का बोव्हाइन अल्ब्युमिन घातलं की भिंतीवरची जागा तेच अडवून बसतं आणि अँटिबॉडी पाण्यात राहते. दुसरी, प्रकाश. फ्लुओरेसीन उजेडात विटतं हे आपण स्लाइडच्या बाबतीत पाळतो, दिवे घालवून काम करतो. आणि तेच एफआयटीसीचं मिश्रण पारदर्शक ट्यूबमध्ये, क्रायोस्टॅटशेजारच्या स्टँडवर, ट्यूबलाइटखाली दिवसभर उभं असायचं. संध्याकाळी आठवण झाली तर फ्रिजमध्ये. तिसरी, जंतू. अझाइड (जंतू रोखणारं रसायन) नसलेल्या पातळ मिश्रणात महिनाभरात काही ना काही वाढतंच. कधीकधी तळाशी धूसर ढग दिसायचा, आम्ही हलवून घ्यायचो. अझाइड घालणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा, की ते विषारी आहे आणि शिशाच्या किंवा तांब्याच्या पाइपशी त्याची प्रक्रिया होऊन स्फोटक क्षार तयार होतात. सिंकमध्ये ओतायचं नाही.

यातलं कोण किती दोषी, हे पाहायला एक छोटा प्रयोग केला. ल्युपसच्या एका जुन्या ब्लॉकमध्ये काम झाल्यावर उरलेली ऊती होती, सी३ आणि सी१क्यू दोन्ही भरपूर. सी३ ची तीन मिश्रणं एकाच दिवशी केली: एक नुसत्या पीबीएसमध्ये, फॉइल गुंडाळून फ्रिजमध्ये, दुसरं अल्ब्युमिन घालून, तसंच अंधारात फ्रिजमध्ये, तिसरं अल्ब्युमिन घालून, पण नेहमीसारखं स्टँडवर उजेडात. चार आठवडे थांबलो. मग त्याच दिवशी केलेलं ताजं मिश्रण सोबत घेऊन लागोपाठचे काप रंगवले. स्लाइडवरच्या नावांवर चिकटपट्टी लावली आणि मॅडमना न सांगता वाचायला दिल्या. ताजं ३+. अल्ब्युमिन आणि अंधार, ३+ च्या अगदी जवळ. नुसतं पीबीएस, २+. उजेडातलं, ट्रेस ते १+. एका लॅबचा, एका ब्लॉकवरचा प्रयोग आहे, त्याला शोधनिबंध समजू नका. पण करायला अर्धा दिवस लागतो आणि तुमच्या लॅबचं उत्तर तुम्हाला मिळतं.

आणि बचतीचं म्हणाल तर तीही नव्हती. रोज पाच बायोप्सींना २५० मायक्रोलीटर मिश्रण लागतं, त्यात मूळ अँटिबॉडी सव्वासहा मायक्रोलीटर. वीस दिवसांचे १२५. म्हणजे रोज ताजं केलं तरी महिन्याला तेवढीच बाटली लागते! एकदम करून ठेवण्यामागे वाचत होते ते फक्त आमचे कष्ट. खरं कारण आणखी क्षुल्लक होतं: आमच्याकडे लहान मापाची चांगली मायक्रोपिपेट नव्हती, जुन्या पिपेटनं ६ मायक्रोलीटर घेताना हात कापायचा.

फिकट स्लाइड समोर आली तर आधी काय पाहायचं

सी३ फिकट म्हणजे दर वेळी मिश्रणाचाच दोष असं नाही. आधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: फिकट नेमकं काय काय आहे? आजच्या सगळ्या बायोप्सींत फक्त सी३ फिकट असेल तर मिश्रणाकडे जा. आजच्या सगळ्या बायोप्सींत सगळंच फिकट असेल तर अँटिबॉडीला हात लावू नका, दोष पुढे आहे, ग्लिसरॉलमध्ये किंवा दिव्यात. एकाच बायोप्सीत सगळं फिकट असेल तर ती ऊती लॅबमध्ये पोचण्याआधीच काहीतरी झालंय.

फक्त सी३ ची स्लाइड हातात असेल, तर ग्लोमेरुलस सोडून आधी लहान धमन्यांकडे बघा. मोठ्या माणसांच्या किडनीत आर्टेरिओलच्या भिंतीत थोडंफार सी३ बहुधा असतंच, विशेषतः रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर. कुठे बोमन कॅप्सूलवर, कुठे ट्यूब्युलच्या (मूत्रनलिकेच्या) कडेला तुटक रेघा असतात. ते दिसत असेल आणि ग्लोमेरुलस काळा असेल, तर त्या काळेपणावर विश्वास ठेवा. धमन्याही काळ्या, ग्लोमेरुलसही काळा, तर थांबा, रिपोर्ट लिहू नका. लहान मुलांत मात्र हा आधार मिळत नाही. त्यांच्या धमन्या स्वच्छ असतात. आमची गाडी नेमकी त्या सात वर्षांच्या मुलात अडकली ती म्हणूनच. आयजीएसाठी ट्यूब्युलमधले कास्ट (नलिकेत गोठलेल्या प्रथिनांचे साचे) हा असाच घरचा साक्षीदार.

सगळंच फिकट असेल तर पहिला संशयित ग्लिसरॉल. फ्लुओरेसीन आम्लाला फार नाजूक आहे. पीएच ८.५ ते ९ च्या आसपास ते छान चमकतं, ७ च्या खाली चमक झपाट्यानं पडते. बफर घातलेलं ग्लिसरॉल बाटलीचं झाकण सैल ठेवून महिनोन्‌महिने वापरलं तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून ते हळूहळू आम्लाकडे झुकतं. पीएच पट्टीनं दर आठवड्याला पाहा, दोन मिनिटांचं काम आहे. एकदा आमच्याकडे कोणीतरी बफर न घातलेलं साधं ग्लिसरीनच बाटलीत ओतलं होतं. बाटलीवरचं नाव तेच, त्यामुळे दोन दिवस कोणाच्या लक्षातच आलं नाही. अँटिफेड (चमक विटू न देणारं रसायन) घातलेलं तयार माध्यम घेत असाल तर हा त्रास कमी.

दुसरा संशयित दिवा. पाऱ्याचा दिवा जळेपर्यंत वापरायचा नसतो. १०० वॉटच्या दिव्याचे तास दोन-तीनशेच्या पुढे गेले की उजेड ढासळतो, आणि तो इतका सावकाश ढासळतो की रोज पाहणाऱ्याला कळत नाही. तासांचा आकडा लिहून ठेवा. दिवा बदलल्यावर तो मध्यावर नीट बसवलेला नसेल तर अर्धं क्षेत्र उजळ आणि अर्धं मंद दिसतं, मग ग्लोमेरुलस डावीकडे २+ आणि उजवीकडे १+ असे चमत्कार घडतात. एलईडीवाल्यांना यातली निम्मी कटकट नाही. फोटो आधी काढा, चर्चा नंतर करा; चर्चा चालू असताना निळा प्रकाश ग्लोमेरुलस जाळत असतो.

बायोप्सी वाटेतच बिघडली असेल तर

आमच्याकडे बऱ्याच बायोप्सी बाहेरगावाहून येतात, रात्रीच्या बसनं किंवा कुरिअरनं. द्रवरूप नायट्रोजन तिथे नसतो, म्हणून मिशेल माध्यमात पाठवतात. त्यात अमोनियम सल्फेटची दाट मात्रा, एन-इथिलमॅलेइमाइड, मॅग्नेशियम सल्फेट आणि सिट्रेट बफर असतं. हे फिक्सेटिव्ह नाही. ऊतीतली प्रथिनं जागच्या जागी थोपवून धरणारं ते पाणी आहे. पाच-सहा दिवस साध्या तापमानाला आरामात निभावतं. त्याचा पीएच ७ ते ७.२ च्या आसपास हवा. घरी बनवलेलं माध्यम महिनोन्‌महिने वापरत राहिलात आणि पीएच घसरला, तर जमलेलं सी३ आणि आयजीजी दोन्ही फिकट होतात. बर्फात घालून पाठवायची गरज नाही, आणि फ्रीझरमध्ये तर मुळीच नाही. पोचल्यावर बफरमध्ये तीनदा, दर वेळी दहा मिनिटं धुवा, मगच ओसीटीमध्ये (काप काढण्यासाठी ऊती बसवायचं माध्यम) गोठवा. हे धुणं टाळलं की अमोनियम सल्फेट ऊतीतच राहतं, कापही धड येत नाहीत आणि चमकही.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र साध्या गोंधळानं होतं. एका गावाहून दोन सारख्याच डब्या आल्या, एकीवर 'मिशेल' लिहिलेलं. उघडली तर फॉर्मलिनचा वास नाकात गेला. तिथल्या नवीन सिस्टरनं दोन्हींत फॉर्मलिन भरलं होतं, कारण दोन्ही पाणी पांढरंच. तेव्हापासून आम्ही मिशेलच्या डब्यांना लाल झाकण लावून रिकाम्या डब्यांऐवजी भरलेल्याच पाठवतो. मिशेल फॉर्मलिनच्या शेजारी, एकाच प्लास्टिकच्या पिशवीत पाठवू नका असंही सांगतो. वाफेनंही घोळ होऊ शकतो.

फॉर्मलिनमध्ये गेलेली ऊती हातची गेली असं नाही. पॅराफिनचे काप घेऊन प्रोनेज या एन्झाइमनं पचवले की इम्युनोग्लोब्युलिन बऱ्यापैकी परत दिसतात, कप्पा-लॅम्बडासाठी तर कधीकधी गोठवलेल्या कापापेक्षा छान. पण सी३ या रस्त्यानं हमखास कमी दिसतं. म्हणून प्रोनेजनंतर सी३ निगेटिव्ह आलं तर 'सी३ नाही' असं लिहायचं नाही. 'पॅराफिनवर केलं आहे' हे रिपोर्टमध्ये ठळक लिहायचं. हे न लिहिल्यामुळे पुढच्या गावचा डॉक्टर फसतो.

मेड्युलाचा (किडनीच्या आतल्या भागाचा) तुकडा येणं हा वेगळाच वैताग. ग्लोमेरुलसच नसेल तर सी३ कुठे शोधणार? बायोप्सी टेबलाशेजारी एखादं भिंग किंवा साधा मायक्रोस्कोप ठेवून तुकडा वाटण्याआधी कॉर्टेक्स (बाहेरचा भाग, ग्लोमेरुलस असतात तो) आहे का एवढं पाहिलं तरी निम्मं दुःख वाचतं.

उलटा आजार: सगळंच चमकतंय

सी३ रक्तात भरपूर असतं, डेसिलीटरला ९० ते १८० मिलिग्रॅमच्या घरात. त्यामुळे रंगवण्याआधीचं धुणं कमी पडलं तर इंटरस्टिशियममधलं (ट्यूब्युलांमधल्या जागेतलं) साधं रक्तप्रथिनही हिरवं होतं आणि सगळीकडे धुकं दिसतं. धुवायला आळस करू नका. काप अँटिबॉडीखाली सुकला तर कडेला हिरवी किनार येते. ओल्या डब्यात खरंच ओल आहे का ते पाहा, उन्हाळ्यात पंख्याखाली डबा ठेवला तर अर्ध्या तासात वाळतो. चमकणारे बारीक ठिपके जिथे ऊतीच नाही तिथेही दिसत असतील तर ते अँटिबॉडीचे गोळे आहेत, मिश्रण करण्याआधी बाटली मायक्रोफ्युजमध्ये फिरवून वरचं पाणी घ्या. एका अँटिबॉडीवर एफआयटीसीचे फार रेणू चिकटवलेले असतील तर ती कशालाही चिकटते. अशी बाटली कितीही पातळ केली तरी सुधारत नाही, परत करावी. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी एफआयटीसीला असंच विनाकारण धरतात, इंटरस्टिशियल नेफ्रायटिसमध्ये त्यांना फसू नका.

धमनीतली लवचीक पट्टी आणि ट्यूब्युलमधलं लिपोफ्युसिन तर अँटिबॉडी न लावताही उजळतं, पण त्यांचा रंग पिवळसर. १९४० च्या सुमाराला अल्बर्ट कून्सनं अँटिबॉडीला पहिल्यांदा चमकणारा रेणू जोडला तो अँथ्रासीन वर्गातला, निळा चमकणारा. अतिनील प्रकाशात ऊतीची स्वतःची चमकही निळसर, त्यामुळे दोन्ही वेगळे ओळखणं कठीण. म्हणून मग फ्लुओरेसीनचा हिरवा रंग आला. हा जुना झगडा आहे, आपल्या बाटलीचा दोष नाही. एक कोरी स्लाइड, फक्त बफर लावलेली, सोबत ठेवली की वाद मिटतो.

कठीण झालेल्या, दगडासारख्या ग्लोमेरुलसमध्ये सी३ आणि आयजीएम अडकून बसलेलं दिसतं. ते साचलेलं आहे, रोगप्रतिकाराच्या हल्ल्याची खूण नाही. ग्रेडिंग धडधाकट ग्लोमेरुलसवरच करा.

लॅब निर्दोष असेल तेव्हा

कधी सगळं बरोबर असतं आणि तरीही सी३ फिकट असतं, कारण ते खरोखरच फिकट झालेलं असतं. सी३ तुटून सी३बी पृष्ठभागावर पक्कं चिकटतं. मग फॅक्टर आय नावाचं एन्झाइम त्याला कातरत जातं. सी३सी नावाचा मोठा तुकडा गळून पडतो आणि सी३डी मागे चिकटून राहतो. बायोप्सीसाठी मिळणाऱ्या बहुतेक एफआयटीसी अँटिबॉडी सी३सीविरुद्धच्या आहेत. बाटलीवर काय लिहिलंय ते एकदा वाचा. मी चार वर्षं वाचलं नव्हतं. म्हणजे आपल्याला दिसतं ते बऱ्यापैकी ताजं सी३. हल्ला थांबून काही आठवडे झाले असतील तर सी३सी ओसरलेलं आणि सी३डी शिल्लक, असं असू शकतं. संसर्गानंतरच्या नेफ्रायटिसमध्ये रक्तातलं सी३ साधारण आठ आठवड्यांत मूळ पदावर येतं; बायोप्सी कधी केली आणि ताप कधी आला होता हे रिक्विझिशनवर नसेल तर फोन करून विचारा.

प्रत्यारोपित किडनीतल्या सी४डीचं तर्कशास्त्र हेच, तोही चिकटून मागे राहिलेला कॉम्प्लिमेंटचाच तुकडा. पण त्याची पद्धत आमच्याकडे डायरेक्ट नाही: आधी उंदराची मोनोक्लोनल अँटिबॉडी, मग उंदराविरुद्धची एफआयटीसीवाली. इथे एक सोय आहे. गोठवलेल्या कापात निरोगी मेसँजियमही (ग्लोमेरुलसचा मधला गाभा) सी४डीला थोडं उजळतं. ते उजळलेलं नसेल तर पेरिट्युब्युलर (ट्यूब्युलभोवतीच्या) केशिका काळ्या असण्याला काडीचा अर्थ नाही. आणि बॅन्फच्या (प्रत्यारोपित किडनीची बायोप्सी वाचण्याच्या) नियमात गोठवलेल्या कापावर १० टक्के किंवा त्याहून जास्त केशिका चमकल्या तर पॉझिटिव्ह, पॅराफिनच्या इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीवर मात्र थोडंही असलं तरी पॉझिटिव्ह. दोन पद्धतींचे आकडे एका तराजूत घालू नका.

आता आमचं कसं चालतं? सी३ आणि सी१क्यू रोज ताजं, अल्ब्युमिन घातलेल्या पीबीएसमध्ये, तपकिरी ट्यूबमध्ये. उरलं तर संध्याकाळी टाकून. बाकीची मिश्रणं आठवडाभर, तीही अंधारात. ल्युपसच्या त्या ब्लॉकचा एक काप दर सोमवारी सी३ आणि सी१क्यूसाठी चालतो. ब्लॉक संपत आला की पुढचा निवडून ठेवतो, आणि जुन्या-नव्याचे काप एकदा शेजारी रंगवतो. रिपोर्टच्या फॉर्मवर सी३ च्या रकान्याखाली एक बारीक ओळ वाढवली आहे: 'धमनी भिंत – आहे / नाही / दिसली नाही'. रेसिडेंट सुरुवातीला ती रिकामी सोडायचे. मॅडम तसा फॉर्म सही न करता परत पाठवतात.

दोन ते वीस मायक्रोलीटरची नवी पिपेटही आली. ती काकांच्या ड्रॉवरमध्ये असते, किल्ली त्यांच्याकडे.